व्हिलातली पाच तारीख

कतानिया, ६ फेब्रुवारी

व्हेनेरा,

नावापुढे काहीच लावलं नाही. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तुला हसू आलं असतं, आणि ते हसू मला इथं ऐकू आलं असतं. नाताळला तुझं कार्ड येतं, तीन शब्द आणि सही. ईस्टरला माझं जातं, चार शब्द आणि सही. चाळीस वर्षांत आपण दोघींनी मिळून एक पान भरलं नसेल. आज मी एकटीच भरायला बसलेय, कारण आई. घाबरू नकोस, ती आजारी नाही. आजारी मी पडणार आहे, तिच्यामुळे.

झालं असं की डॉक्टर म्हणाला, सिन्योराला मोकळी हवा हवी. त्याने सहज म्हटलं, आईने कोर्टाचा हुकूम म्हणून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी नऊला मी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून व्हिलाच्या बागेत नेते. बाग तिथंच आहे, तू सोडली होतीस तशी. फक्त आता चढ जास्त झालाय असं मला वाटतं. आपल्या रस्त्यांवर ज्याने हे काळे दगड बसवले त्याला एकदा अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई खुर्चीतून ढकलायला लावली पाहिजे. त्यात गेल्या आठवड्यात धुमसणाऱ्या डोंगराने पुन्हा राख फेकली. बाल्कनी झाडली, जिना झाडला, शिवणाच्या मशीनवरची कापडं झटकली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा काळं. खुर्चीच्या चाकात राख जाऊन ते असं किरकिरतं की अख्ख्या रस्त्याला कळतं, आल्या या दोघी.

काल पाच तारीख. सण. रात्रभर संत अगातासाठी फटाके, पहाटेपासून पांढऱ्या अंगरख्यांतल्या भक्तांची गर्दी, आणि आईचा हट्ट, व्हिलात चल.

“आई, आज रस्त्यावर सुई टाकायला जागा नाही.”

“मग सुई घरी ठेव. खुर्ची काढ.”

तुला तिचं पाच तारखेचं ठाऊक नसेल, तू नव्हतीस. बाबा गेल्यापासून या दिवशी ती संत अगाताचा रथ बघत नाही. संतावर रागावली आहे म्हणते. व्हिलात जाते, आणि टेकाडाच्या उतारावर माळी रोज रोपांनी तारीख मांडतात ना, तिच्यासमोर रस्त्याकडे पाठ करून बसते. काल तिने खुर्ची तिथंच लावायला सांगितली. हिरव्या रोपांत लिहिलेलं, ५ फेब्रुवारी. शेजारच्या बाकावर एक म्हातारा भोपळ्याच्या बिया सोलत बसला होता. शहर सगळं चौकात, बागेत आम्ही तिघंच. आईला ऐकणारा मिळाला.

तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, जसं काही तो खास त्यासाठीच आला होता. की त्र्याऐंशी साली याच तारखेला नवरा इस्पितळात वारला. एकटा गेला, पाणी द्यायला कुणी नव्हतं. की सकाळी थोरलीने जवळ बसायचं होतं. ती म्हणाली, बाबांना लिंबू-सोडा हवा होता, तो आणायला खाली गेले होते. आणि तीन आठवड्यांनी फोटो आला, थोरली इथं, या तारखेसमोर, एका पोराच्या हातात हात घालून, आणि मागे रोपांत स्पष्ट लिहिलेलं, ५ फेब्रुवारी. “ती म्हणाली, फोटो तीन तारखेचा आहे. समोर दिसतंय पाच, आणि ही म्हणते तीन! माणसं खोटं बोलतात, सिन्योर. झाडं बोलत नाहीत.”

मी चाक पुसण्याचं निमित्त करून खाली वाकले. म्हाताऱ्याने विचारलं, “कुठलं साल म्हणालात?” आईने पुन्हा सांगितलं. त्याने बिया खिशात टाकल्या, माझ्याजवळ आला आणि हळूच काहीतरी म्हणाला. काय ते लिहीत नाही. म्हातारी माणसं काय वाटेल ते बोलतात.

परत येताना आई म्हणाली, “व्हेनेराला लिही. मला तिला बघायचंय.” मी म्हटलं, तिची अट तुला आठवते. मला तर शब्दन् शब्द आठवते. स्टेशनवर, गाडीच्या दारातून तू म्हणाली होतीस, आईसमोर कुणीतरी म्हणा की मी खोटं बोलले नाही, त्या दिवशी येईन. आई म्हणाली, “ती अट तिने सोडावी, मी फोटो विसरते.” आता तूच सांग, हे काय बोलणं झालं? दोघी सारख्याच हटवादी आणि मधे मी.

गुडघे कसे आहेत? फोटोतल्या त्या पोराला, तुझ्या चिरीनोला, नमस्कार सांग.

अगातिना

कतानिया, १६ फेब्रुवारी

व्हेनेरा,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा पोचतं हे मान्य, तरी रोज खाली जाऊन पेटी बघते आणि वीजबिल घेऊन वर येते.

इकडे माझे हाल ऐक. त्या म्हाताऱ्याचं नाव सेबास्तियानो, पण अख्खी व्हिला त्याला यानोकाका म्हणते. पस्तीस वर्षं तिथंच माळी होता. आता चौऱ्याऐंशीचा आहे, घरी सून बोलू देत नाही म्हणून रोज बागेत येऊन बोलतो. आणि आईला तो आवडलाय! त्या बाकाच्या शेजारी खुर्ची लावल्याशिवाय तिला मोकळी हवा लागत नाही. पहिल्या दिवशी मी चलाखी केली, दुसऱ्या दाराने नेलं, तळ्याकडे. म्हटलं, आई, बघ बदकं.

“मी काय दोन वर्षांची आहे? तारखेकडे चल.”

“तिथं ऊन येतं.”

“मग छत्री धर.”

धरली छत्री. एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने खुर्ची, आणि तोंडाने अखंड बडबड. कारण मी बोलायची थांबले की हा माणूस जुन्या दिवसांवर येतो. त्याने जिरॅनियमबद्दल काही म्हटलं की मी आईच्या दातांचं काढते. त्याने सणाचं नाव घेतलं की मी शेजारणीच्या घटस्फोटाचं काढते. बिचाऱ्या शेजारणीचा घटस्फोट झालेला नाही, पण आता व्हिलात सगळ्यांना झालाय असं वाटतं.

आईचा डावा कान गेलाय हे तुला माहीत नसेल. मी यानोकाकांना डावीकडे बसवते. ते उजवीकडे सरकायला लागले की मी मधे पिशवी ठेवते. काल ते म्हणाले, “मुली, तू मला तुझ्या आईशी का बोलू देत नाहीस?”

मी साठीला आलेय आणि ते मला मुली म्हणतात.

मी म्हटलं, “काका, ती हळवी आहे.”

“हळवी? काल तिने मला सांगितलं की माझी टोपी म्हणजे मेलेलं मांजर आहे.”



त्या दिवशी ते जे म्हणाले ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनाही म्हटलंय, आईपुढे काढू नका. त्यांनी खांदे उडवले. शिलाईची चार कामं पडून आहेत. एका नवरीचा झगा कमरेत सैल करायचाय, आणि मी सकाळभर बाकांची रखवाली करत बसते. वैताग आलाय नुसता.

तू निदान “पत्र मिळालं” एवढं तरी लिही.

अगातिना

कतानिया, १ मार्च

व्हेनेरा,

मिळालं तुझं उत्तर. बेल्जियमचं तिकीट, चांगला जाड कागद, आणि आत एक ओळ: ‘माळी काय म्हणाला?’

बस? आईचं वय लिहिलं, डावा कान लिहिला, माझे हाल लिहिले, आणि तू त्यातून एवढंच उचललंस? लहानपणीही तू अशीच होतीस. सगळं ताट सोडून वांग्याचा एकच तुकडा उचलायचीस, आणि तो माझा असायचा.

ठीक आहे, सांगते. यानोकाका म्हणाले, त्या वर्षी फोटोत पाच होतं याला काही अर्थ नाही, कारण पाचचा आकडा मीच मांडला होता, तीन तारखेला सकाळी.

त्यांचं म्हणणं असं. तारीख बदलायचं काम त्यांचं. रोज पहाटे आकड्यांची रोपं असलेल्या पेट्या उचलायच्या, दुसऱ्या ठेवायच्या. पण ते अगाताचे भक्त, बाप-आजापासून रथाचा दोर ओढणारे. चार तारखेच्या पहाटे अंगरखा चढवला की सहाच्या सकाळीच उतरणार. मग मधली तारीख कोण बदलणार? म्हणून दरवर्षी तीनला सकाळीच ते पाचचा आकडा बसवून जायचे. “मोठा दिवस पाचचा. तोच लिहून ठेवायचा. तीन दिवस पाच.”

मी म्हटलं, “आणि तुमच्या मुकादमाने चालवून घेतलं?”

“मुकादम माझ्यापुढेच दोर ओढायचा.”

“आणि लोक?”

“कुठले लोक? त्या तीन दिवसांत बागेत असतं कोण? आणि असेलच कुणी, तर त्याला आज काय तारीख आहे हे रोपांना विचारावं लागतं? शहरात टनभर वजनाचे मेणबत्त्यांचे मनोरे नाचवत नेतात, त्याला कळत नाही?”

“काका, चाळीस वर्षं झाली. तुम्हाला त्याच वर्षाचं कसं आठवतं?”

“त्याच वर्षाचं नाही गं, दरवर्षीचं. एखाद्या वर्षी केलं असतं तर विसरलो असतो.”

यावर मी खूप विचार केला. पहिली गोष्ट, ते चौऱ्याऐंशीचे आहेत. दुसरी, काल त्यांनी मला तीनदा विचारलं की माझा नवरा काय करतो, आणि तीनदा मी सांगितलं की मला नवरा नाही. तिसरी, असल्या माणसाच्या शब्दावर चाळीस वर्षांची गोष्ट फिरवायची? आईला काय सांगायचं? की तू ज्या झाडांवर विश्वास ठेवलास ती झाडं सणाला गेली होती?

तर हे असं आहे. विचारलंस म्हणून लिहिलं. यातून काही सिद्ध होत नाही.

अगातिना

ता. क. टोपी खरंच मेलेल्या मांजरासारखी आहे.

कतानिया, ९ मार्च

व्हेनेरा,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, हात घालून परत काढावं. आत हात जात नाही. मी प्रयत्न केला. पोस्टमनने पाहिलं.

त्या पत्राचा शेवट खोटा आहे.

परवा आई झोपली असताना तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून तो फोटो काढला. तो अजून तिथंच असतो, मृतांच्या प्रार्थनेच्या पानात. दुपारी खिडकीचं शटर खाली ओढून मशीनच्या दिव्याखाली धरला. दोरा ओवायला वापरते ते भिंग घेतलं. पण भिंगाची गरज नव्हती. तुला सांगू, मला त्या फोटोत कधीच तारीख दिसली नव्हती. सगळ्यांना आधी तारीख दिसते. मला पहिल्या दिवसापासून कोट दिसतो.

तुझ्या अंगावरचा राखाडी कोट. काळी बटणं, आणि वरून तिसरं तपकिरी. ते मीच जानेवारीत बसवलं होतं, मूळचं बसच्या पायरीत तुटलं म्हणून. जुळतं मिळालं नाही, तू म्हणालीस राहू दे, कोण बघतंय. आणि चार तारखेला सकाळी तो कोट मी अंगात घातला होता. माझा उसवलेला होता, आणि सणाला उसवलेला कोट घालून जायची मला लाज वाटत होती. तू खुंटीवरून काढून दिलास. पाच तारखेला अकरा वाजता, बाबा गेले तेव्हा, तो कोट कॅथेड्रलच्या चौकात होता. त्याच्या आत मी होते. पुढे एक भक्त आपल्याएवढी उंच मेणबत्ती धरून उभा होता. मेण माझ्या डाव्या बाहीवर पडलं आणि मी त्याला शिव्या दिल्या.

म्हणजे पाचला तो कोट घालून तू व्हिलात असूच शकत नव्हतीस. यानोकाकांची गरजच नव्हती. मला ठाऊक होतं. फोटो पाहिला त्या क्षणी ठाऊक होतं.

आता सुरुवात केलीच आहे तर बाकीचंही लिहिते, नाहीतर पुन्हा पेटीत हात घालावा लागेल.

बागेतल्या फोटोवाल्याचं पाकीट तुझ्या नावाचं होतं. मी फोडलं. तीन तारखेला त्याने पत्ता लिहून घेतला असणार आणि तू शेजारी उभ्या चिरीनोला लाजून काही बोलली नसशील. तोवर आई मला रोज एकच विचारायची, “सकाळी तिथं कोण असायला हवं होतं? तिथं कोण असायला हवं होतं?” तिला तू सांगितलं होतंस, “मी होते, लिंबू-सोडा आणायला गेले.” तेवढंच. सकाळची वेळ माझी होती, हे तू सांगितलं नाहीस. चार तारखेला रात्री जिन्यात तूच म्हणाली होतीस, “उद्या तुझा नामदिवस, नावच अगाताचं तुझं. जा, तुझ्या संताला बघून ये, मी बसते बाबांजवळ.” मी आईला सांगितलं होतं की शिवणाच्या बाईकडे भक्तांचे अंगरखे पुरे करायला जाते. तिला अजून तेच वाटतं.

मग फोटो आला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. वाटलं, आता आई मला विचारायची थांबेल. मी पाकीट फोडून टेबलावर ठेवलं. ‘मागे तारीख बघ,’ हे वाक्य माझं होतं, आईचं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी आई ओरडत होती आणि तू दाराकडे बघितलंस. दारामागे खुंटीवर कोट होता, बाहीवर मेण तसंच. मग माझ्याकडे बघितलंस. वाट बघत होतीस. एका शब्दाने तू स्वतःला सोडवू शकत होतीस आणि तो शब्द माझं नाव होता, म्हणून तू बोलली नाहीस. मी ब्रेडचे तुकडे करत राहिले.

स्टेशनवर तू ‘कुणीतरी’ म्हणालीस तेव्हाही माझ्याकडेच बघत होतीस. मार्च महिना, तिकडे बर्फ असणार, आणि तू बिनकोटाची गाडीत चढलीस. मागितलाही नाहीस.

तुझाच मला राग येतो, माहीत आहे? इतकी वर्षं तू गप्प राहिलीस आणि मला चांगलं व्हायची एकदाही सक्ती केली नाहीस. एकदा तरी ओरडायचं होतंस.

आईला सांगायला हवं. कसं सांगू ते कळत नाही.

अगातिना

कतानिया, २२ मार्च

व्हेनेरा,

सांगितलं.

घरी सांगणार होते, कॉफी करून, शांतपणे. पण घरी आई रेडिओ लावते. म्हणून मंगळवारी व्हिलात, तारखेसमोर सांगितलं, उजव्या कानाशी. यानोकाकांना आधीच म्हटलं होतं, आज उजवीकडे बसा आणि तुमचंही सांगा. त्यांनी सांगितलं. तीन दिवस पाच, मुकादम, दोर, सगळं. आई त्यांच्याकडे असं बघत होती की मला वाटलं आता हिला काहीतरी होतं.

“म्हणजे मी चाळीस वर्षं या रोपांकडे बघत बसले, आणि तुम्ही?”

“सिन्योरा, मी अगातासाठी केलं.”

“अगाताने सांगितलं होतं तारीख बदला म्हणून? तिला काय, दिवस मोजता येत नव्हते?”

तिने त्यांची टोपी काढली आणि त्याच टोपीने त्यांना मारलं. दोनदा. बायका थांबून बघायला लागल्या. यानोकाका बसून राहिले, दुसऱ्यांदा तर डोकं थोडं पुढे केलं.

मग मी कोटाचं सांगितलं. मग जिन्यातलं. आई माझ्याकडे न बघता विचारत गेली.

“सकाळी तिथं कोण असायला हवं होतं?”

“मी.”

“आणि तू कुठं होतीस?”

“चौकात. तिचा कोट घालून.”

“अंगरखे?”

“नव्हते अंगरखे.”

बस. तिने घराकडे बोट केलं. मी खुर्ची ढकलत घरी आणली, ते चाक किरकिरत होतं, आणि मला पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं, निदान काही आवाज तरी होता. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं खाल्लं नाही. खालची शेजारीण सूप आणून द्यायची, आणि आई तिला माझ्यासमोर म्हणायची, “देव तुझं भलं करो, या घरात कुणी जेवायला देत नाही.” मी चार वेळा रडले आणि एकदा त्या नवरीचा झगा उलटा शिवला. मला तिचा राग आला, तुझा आला, यानोकाकांचा आला, संताचाही आला. माझा येऊन येऊन संपला होता.

चौथ्या दिवशी सकाळी मशीनपाशी गेले तर वर राखाडी कोट पडलेला. मी तो लाकडी पेटीत तळाशी ठेवला होता, इतकी वर्षं कुणाला दाखवला नव्हता. ती म्हातारी, जिला खुर्चीतून उठवायला मला दोन्ही हात लागतात, एकटी पेटीपर्यंत गेली, वरची सगळी कापडं उपसली आणि कोट काढला. अस्तर फाटलं होतं. डाव्या बाहीवरचं मेण आता पिवळं, नखाने निघत नाही.

“अस्तर लाव. मेणाला हात लावू नकोस.”

मी अस्तर लावायला घेतलं. ती शेजारी बसली. अस्तराची एक बाजू शिवून झाली तेव्हा म्हणाली, “मीही विचारलं नाही. त्याला शेवटी काय हवं होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. लिंबू-सोडा म्हणाली, मी म्हटलं खोटं. तो उन्हाळ्यात रोज प्यायचा, मीठ जास्त टाकून. मला माहीत होतं.” आणि ती रडली, व्हेनेरा. बाबांच्या वेळी रडली नव्हती तशी.

त्यानंतर आम्ही रोज पुन्हा व्हिलात जातो. फक्त आता खुर्ची उलटी लावावी लागते. पाठ तारखेकडे, तोंड दाराकडे, रस्त्यावरून येणारे सगळे दिसतील असं. समोरून ऊन येतं, डोळ्यांत जातं, छत्री धरून माझा खांदा गेलाय. मी म्हणते, आई, बेल्जियमहून माणूस यायला दिवस लागतात, तिला अजून पत्रही मिळालं नसेल. ती म्हणते, “तुला काय ठाऊक? तू चूक तारखा सांगतेस.” यानोकाका टोपीशिवाय येतात आणि तिच्या डाव्या बाजूला आपणहून बसतात.

आईचा निरोप असा, तिच्याच शब्दांत: “तिला लिही, मी रोज नऊ ते अकरा दारासमोर असते. पाऊस असेल तर पावसात असते. आणि तिला म्हणावं, तू खोटं बोलली नाहीस.” मग म्हणाली, मोठ्या अक्षरांत लिही. म्हणून लिहिते. तू खोटं बोलली नाहीस. हे ती माझ्यासमोर म्हणाली, आणि त्याआधी मी तिच्यासमोर म्हणाले होते. तुझी अट पुरी झाली. आता आली नाहीस तर ते तुझं माझ्याशी भांडण असेल, आणि ते मला समजेल.

कोट आज पार्सलने पाठवला. पोस्टात बाईने पार्सलवर काय लिहू विचारलं. मी म्हटलं, जुना कोट. ती म्हणाली, “किंमत?” मी म्हटलं, किंमत लिहू नका. ती म्हणाली, लिहावीच लागते. बराच वाद झाला, मागे रांग लागली, शेवटी तिने काहीतरी आकडा टाकला, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

तपकिरी बटण पुन्हा घट्ट केलंय. उजव्या खिशात फोटो आहे, आईने दिला. मागे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘३ फेब्रुवारी’.

हा तुझा कोट. दोन दिवसांसाठी मागून घेतला होता.

अगातिना